कोरडीच पुसायची खुर्ची

आईंनी डबा धाकट्या सुनेच्या हातात दिला आणि थोरलीच्या तोंडातला चहा कडू झाला.

दिला तोही किती सहज. "या वर्षी तू कर," त्या धाकटीला म्हणाल्या, आणि मग थोरलीकडे न बघताच, "तू तिला सगळं सांग." बस्स. थोरली "बरं" म्हणाली. बावीस वर्षांत या घरात ती इतक्यांदा "बरं" म्हणाली होती की तो शब्द आता आपोआप बाहेर पडायचा. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावून घ्यावा.

डबा म्हणजे काय, तर झाकणावरचं चित्र पुसून गेलेला एक पत्र्याचा डबा. आत जवसाच्या तेलाची बाटली, टर्पेंटाइनची लहान बाटली, मऊ फडकी, दात घासायचे दोन जुने ब्रश आणि वेत विणायचा दाभण. विकायला काढला तर भंगारवाला हसेल. पण वर्षातून एक दिवस या घरात फर्निचर धुतलं जायचं आणि त्या दिवशी डबा ज्याच्याकडे, घर त्याचं. कोणी कुठे उभं राहायचं, पाणी कधी तापवायचं, जेवण किती वाजता, सगळं तोच ठरवणार. नाना, म्हणजे सासरे, होते तोवर डबा त्यांच्याकडे होता. ते गेल्यावर कोणी काही न बोलता तो थोरलीकडे आला. चार वर्षं तिने तो सांभाळला. बाटल्यांची बुचंसुद्धा तिने बदलली होती.

फर्निचर नानांनीच केलेलं, स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या हाताने. सागवानाचा एक लांब बाक, चार खुर्च्या आणि त्यांची स्वतःची मोठी, हात असलेली खुर्ची. सगळ्यांच्या बैठकी वेताच्या. वर्षभर बसून बसून वेत सैल पडतो. खुर्ची उलटी करून त्याला खालून गरम पाणी पाजलं आणि सावलीत वाळू दिलं की तो पुन्हा ताठ होतो. पण ओल्या वेतावर कोणी बसलं तर संपलंच, बसणाऱ्याचा आकार तो वर्षभर धरून ठेवतो. म्हणून त्या दिवशी घरात कोणीही खुर्चीवर टेकायचं नाही. जेवण उभ्याने, चहा उभ्याने, पाहुणा आला तर तोही उभा. "आज खुर्च्यांना सुट्टी," असं नाना दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी सगळे नव्याने हसायचे.

स्वयंपाकघरात आक्काने थोरलीला गाठलं. आक्का म्हणजे नणंद, आईंची सगळ्यांत मोठी. लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी या घरातली कुठली वाटी कुठे आहे हे आपल्यालाच माहीत, असा तिचा समज होता. तिने आधी दार लोटलं, मग पाण्याचा आवाज मोठा केला आणि मग म्हणाली की बघ, दीड वर्ष झालं नाही लग्नाला, दोनदा काय ती आली इथे, आणि डबा तिच्या हातात. धाकट्याला कामातून सुट्टी नाही, तर ही एकटी आली गाडीत बसून. आली की बोलावली?

"आईंनीच बोलावलं," थोरली म्हणाली. "पत्र लिहून."

"मला नाही कधी पत्र लिहिलं," आक्का म्हणाली. आता तिला थोरलीसाठी वाईट वाटत होतं की स्वतःसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एरवी या दोघींचं कधी पटलं नव्हतं. नानांची खुर्ची मुलीकडेच यायला हवी, असं आक्का चार वर्षं म्हणत होती आणि ती इथेच बरी आहे, असं थोरली चार वर्षं म्हणत होती. पण त्या सकाळी दोघी एका बाजूला झाल्या. तिसरी आली की असं होतं.

थोरलीने धाकटीला सगळं शिकवलं, आणि नीट शिकवलं. तिने कुचराई केली असं तिचा वैरीही म्हणणार नाही. आधी कोरड्या ब्रशने जाळीच्या भोकांतली धूळ काढायची. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने लाकूड पुसायचं, साबण नखाएवढा. पुसायचं ते लाकडाच्या रेघेने, आडवं नाही. वाळलं की दोन भाग तेल आणि एक भाग टर्पेंटाइन, तेही फडक्यावर घ्यायचं, लाकडावर ओतायचं नाही. पाव तासाने वरचं तेल पुसून टाकायचं, नाहीतर वर्षभर कपडे चिकटतात. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून दोरीवर एकेक पसरायची. वेत उन्हात ठेवायचा नाही, तडकतो. धाकटी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती आणि मधूनच विचारतही होती, आणि तिचे प्रश्न शहाण्यासारखे होते, याचाच थोरलीला जास्त राग येत होता.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही.

नानांची खुर्ची कोरडीच पुसायची. नाना गेल्यापासून हा घरातला कायदा होता. त्या बैठकीत एक खळगा होता, थोडासा डावीकडे झुकलेला. ती नानांची बैठक. त्याला पाणी लावायचं नाही, त्यावर कोणी बसायचं नाही, फक्त वरून कोरडं फडकं फिरवायचं. बाहेरून आलेल्या माणसाला हे कळणार कसं? कोणीतरी सांगितलं तरच.

"सगळ्या उलट्या करायच्या ना, ताई?" धाकटीने विचारलं होतं. अगदी याच शब्दांत.

थोरली बादलीवर वाकून फडकं पिळत होती. त्यातलं पाणी कधीच निथळून गेलं होतं, तरी ती पिळत राहिली. मग दूध बघून येते म्हणून आत गेली. दूध गॅसवर नव्हतंच.

मागच्या फरशीवर धाकटी एकटी उरली. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, खुर्च्या बाहेर मांडून केव्हाच कारखान्यात पळाला होता. त्याला या दिवशी घरात उभं राहायचा कंटाळा यायचा.

धाकटीचंही एक दुखणं होतं आणि त्याचं नाव होतं वहिनी. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडी ते दिवसातून दहादा यायचं. वहिनी असं करते, वहिनीला विचार, वहिनीच्या हातचं काही वेगळंच. नाना आजारी असताना वहिनीने त्यांचं कसं केलं, नानांनी वहिनीला वेत विणायला कसं शिकवलं. धाकटीने नानांना फोटोतच पाहिलं होतं. या घरात येईल त्याच्याकडे सांगायला नानांची एक तरी गोष्ट असायची, तिच्याकडे एकही नव्हती. सासूबाईंनी डबा हातात दिला तेव्हा तिला वाटलं, चला, आपलीही एक गोष्ट सुरू झाली.

चार खुर्च्या आणि बाक झाल्यावर ती मोठ्या खुर्चीकडे वळली. बैठकीतला खळगा बघून तिला हसूच आलं. सगळ्यांत वाईट अवस्था हिची, आणि वहिनींनी चार वर्षांत हिला हात लावलेला दिसत नाही. तिला मनातल्या मनात बरं वाटलं, खोटं कशाला बोला. एका किटलीने भागणार नाही म्हणून तिने दोन किटल्या पाणी तापवलं. खुर्ची उलटी केली, वेताला खालून शांतपणे पाणी पाजलं, हाताने एकेक पट्टी चाचपून पाहिली. मग सुलटी करून सावलीत ठेवली आणि लाकडाला असं तेल लावलं की खुर्चीच्या हातांवर तिचा चेहरा दिसायला लागला. वहिनींपेक्षा चांगलं झालं आहे, हे आज कोणीतरी म्हणणार, याची तिला खात्री होती.

चार वाजता आक्का चहाचा कप घेऊन फरशीवर आली. कप तिच्या हातातच राहिला.

तिने वाकून मोठ्या खुर्चीच्या बैठकीवर तळवा ठेवला. वेत ताठ झाला होता, सपाट, बोटाने वाजवला तर वाजला असता.

"नानांची बैठक कुठे गेली?"

तिने आवाज चढवला नव्हता, पण घरातले सगळे बाहेर आले. नुकताच परतलेला थोरला तोंडात घास घेऊन आला. आई भिंतीला धरत धरत आल्या, उजवा गुडघा वाचवत. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

मग आक्का सुटली. ज्याने त्या माणसाला कधी पाहिलं नाही, त्याच्या हातात त्याची खुर्ची दिलीच कशी? चार वर्षं ती येत होती ती त्या खळग्यावर हात फिरवायला. तेवढंच तर उरलं होतं. नवीन माणसांना काय, एक खुर्ची सैल झाली, केली ताठ. असं बरंच. धाकटीचा चेहरा पांढरा पडत गेला. दुपारभर तिने ज्या कौतुकाची वाट पाहिली होती ते हे असं आलं.

आता ती सांगणार, थोरलीने मनाशी म्हटलं. ताईंना विचारलं होतं, ताई काही बोलल्या नाहीत. सांगू दे. थोरलीने मान ताठ केली.

"मी कोणालाच विचारलं नाही," धाकटी म्हणाली. "विचारायला हवं होतं. चूक माझीच आहे."

आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. डबा हिने घ्यायचा, आणि वर मोठेपणाही हिनेच घ्यायचा? बावीस वर्षं पोळून निघाल्यावरही जो चांगुलपणा आपल्याला जमला नाही, तो ही दीड वर्षात पदरात पाडून मोकळी. हेवा वाटावा अशी पुष्कळ कारणं थोरलीला आयुष्यात मिळाली होती, पण एवढं खरं कारण कधी मिळालं नव्हतं. त्यापुढे तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेचाही राग आला.

"आक्का, तिने विचारलं होतं," ती म्हणाली. "मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

आईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "का?"

"डबा तिला दिलात म्हणून."

 थोरल्याने घास गिळला. बायकोकडे तो असा बघत होता की जणू आजच ओळख झाली.

आक्का मात्र सकाळची मैत्री विसरली. धाकटीला सोडून ती थोरलीवर उलटली. ही तर परकी होती, तू तर घरची ना? माझ्या वडिलांची शेवटची खूण तू डोळ्यांदेखत पुसू दिलीस, कशासाठी, तर एका डब्यासाठी. मग तिने भावाला फर्मावलं की टेम्पो मागव, ही खुर्ची आजच्या आज माझ्या घरी जाईल. इथे तिची किंमत कोणाला नाही. बैठक गेली, निदान त्यांनी केलेलं लाकूड तरी माझ्याकडे राहील. थोरल्याने आईकडे पाहिलं. आईंची नजर खुर्चीवरच होती. थोरल्याने खिशातून फोन काढला.

थोरलीच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं होतं. ते बोललं असतं तर आक्काचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं आणि खुर्चीही कुठे गेली नसती. तो खळगा नानांचा नव्हताच. नाना जायच्या महिनाभर आधी ती बैठक फाटली होती. आक्का तेव्हा तिच्या घरी होती, तिला पत्ता नाही. थोरल्याला सांगितलं होतं, पण त्याच्या काय लक्षात राहतं. नवी वीण थोरलीने घातली होती, नानांच्या पलंगाशी बसून, ते सांगतील तशी. त्यानंतर नाना त्या खुर्चीवर जेमतेम दहा दिवस बसले, तेही हाडांचा सापळा होऊन. त्यांच्या वजनाने तो वेत वाकलासुद्धा नव्हता. शिवाय नाना बसायचे ते सरळ, पाठीला काठी बांधल्यासारखे. डावीकडे झुकून या घरात एकच माणूस बसायचं, आणि त्या माणसाचा उजवा गुडघा दुखायचा.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती चष्मा विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती. दाराच्या फटीतून आई दिसल्या, त्या खुर्चीत, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, डोळे उघडे. थोरली चष्म्याशिवायच पुन्हा बाहेर पडली होती. तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि आजही सांगितलं नाही. वाक्य जिभेवरून परत खाली गेलं. डब्याचा सूड तिने घेतला होता, त्यापुढे जायची तिची तयारी नव्हती.

आई तिच्याकडेच बघत होत्या.

आईंना सगळं दिसलं. सून बोलता बोलता थांबली आणि का थांबली, तेही त्यांना कळलं. म्हणजे हिला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे. त्यांना आधी शरम वाटली आणि मग, इतक्या वर्षांनी, थोडं हायसं वाटलं.

आता आईंचंही सांगायला हवं. नानांच्या शेवटच्या महिन्यात त्या रोज औषध घेऊन खोलीच्या दारात यायच्या, आणि आत ते दोघं. सासरा आणि सून, मधे पाण्यात भिजवलेला वेत, डोकी जुळलेली, दाभण कुठून घालायचा यावरून वाद आणि हसणं. आईंना त्यांनी पन्नास वर्षांत साधा खिळा ठोकायला शिकवलं नाही. तुझं काम नाही ते, म्हणायचे. मग त्या दारातच औषधाचा चमचा धरून उभ्या राहायच्या. नाना गेल्यावर लोक म्हणाले, सुनेने केलं बरं का, लेकीसारखं केलं. आईंनीही मान हलवली. आतून त्या जळून खाक झाल्या होत्या. सत्तरीच्या बाईने सुनेवर जळावं, तेही कशावरून, तर खुर्चीच्या विणीवरून. हे सांगणार तरी कोणाला?

"गरम पाणी आण," त्या थोरलीला म्हणाल्या.

थोरली हलली नाही.

"किटलीभर. आणि तू," धाकटीला म्हणाल्या, "खुर्ची उलटी कर."

पाणी आलं. आईंच्या खुणेसरशी थोरलीने स्वतःच्या हाताने घातलेल्या विणीला स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. वाफ वर आली. आक्का विचारत होती की हे काय चाललं आहे, आता आणखी काय बिघडवायचं उरलं आहे.  मग धाकटीने खुर्ची सुलटी केली. वेत ओलाचिंब होता, थेंब फरशीवर पडत होते.

आई चालत आल्या, खुर्चीच्या हातांना धरून वळल्या, आणि बसल्या.

पन्नास वर्षांत धुण्याच्या दिवशी त्या घरात कोणी ओल्या वेतावर बसलं नव्हतं. लहान मुलंसुद्धा नाहीत. थोरल्याच्या तोंडून "आई" एवढंच निघालं.

"टेम्पो राहू दे," आई म्हणाल्या. "तो खळगा माझा होता."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, चार वाक्यं. आक्काला सांगितलं की बैठक फाटली होती, हिने विणली, तुझे वडील तिच्यावर दहा दिवस बसले. मी चार वर्षं बसते आहे, दुपारी, तुम्ही कोणी नसताना. तुम्ही सगळ्यांनी ते नानांचं म्हणायला सुरुवात केलीत, मीही म्हणू दिलं. बरं वाटायचं.

 चार वर्षं आपण कशावर हात फिरवत होतो, हे आक्काच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग ती फरशीवरच बसली, आईच्या पायांशी, गार झालेला चहा हातात धरून, आणि पुन्हा टेम्पोचं नाव तिने काढलं नाही.

"आणि मी का बसायचे, ते हिला सांगायचं आहे," आई म्हणाल्या. त्या थोरलीकडे बघत होत्या. "त्यांनी हात लावलेली शेवटची वस्तू ही. आणि तिच्यावर वीण तुझी. मला ते बघवायचं नाही. म्हणून बसून बसून मी ती माझी केली. डबाही त्याच्यासाठीच तुझ्याकडून काढला. कळलं?"

"कळलं," थोरली म्हणाली. या वेळी ती "बरं" म्हणाली नाही.

तिला राग यायला हवा होता. चार वर्षं बाटल्यांची बुचं बदलत होतो, आणि सासू आपल्याच विणीवर बसून आपल्यालाच पुसत होती. पण राग येईना. सकाळपासून जे तिच्या पोटात जळत होतं, तेच समोर खुर्चीत बसलेलं होतं, ओल्या कपड्यांनी, दुखरा गुडघा पुढे करून. ती आत गेली आणि घोंगडी घेऊन आली. आईंच्या पायांवर पसरली. आजारी पडाल, एवढंच म्हणाली. आई म्हणाल्या, वाळेपर्यंत उठणार नाही.

त्या उठल्या नाहीत. ऊन भिंतीवरून उतरून गेलं. बाकीचे नियमाप्रमाणे उभेच राहिले. थोरला एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. धाकटीने दोरीवरची फडकी काढून घड्या केल्या, बाटल्यांची बुचं घट्ट बसवली आणि डबा घेऊन उभी राहिली, कुठे ठेवायचा ते न कळून.

दिवे लागायच्या वेळी आईंनी हात पुढे केला. थोरलीने धरून त्यांना उठवलं. त्यांच्या पाठीमागे, ओल्या कापडावर, वेताची जाळी चौकटी चौकटींनी उमटली होती. थोरलीला दिसलं की त्यांतली एक ओळ वाकडी होती. विणीच्या शेवटच्या दिवशी नाना थकले आणि ती ओळ तिने घाईत ओढली होती. आईंना ती कधी दिसली असेल का, तिने विचारलं नाही.

बैठकीत खळगा पडला होता. पूर्वीएवढा खोल नाही, पण डावीकडे झुकलेला.

आईंनी तो हाताने चाचपला. मग धाकटीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ही कोरडीच पुसायची." आणि थोरलीचा हात न सोडता, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला सांगायचं काम तुझं."

"सांगेन," थोरली म्हणाली. डबा अजून धाकटीच्याच हातात होता, आणि तो थोरलीला अजूनही हवा होता.